बातमीदारीची पूर्वतयारी

पदवी परीक्षा जवळ आली की, ज्यांच्या निबंधांचे शाळेपासून कौतुक होत आले आहे अशा काही विद्यार्थ्यांच्या मनात वृत्तपत्रव्यवसायाचा विचार घोळू लागतो, आणि त्या वेळी पुष्कळदा दोनच चित्रे त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहतात: एक, दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मंत्रिमहोदयांना खडे सवाल टाकणाऱ्या निवेदकाचे, आणि दुसरे, अग्रलेखाच्या चार परिच्छेदांत सरकारची कानउघाडणी करणाऱ्या संपादकाचे. ही दोन्ही माणसे या व्यवसायात आहेत हे खरे. परंतु ज्या कामाच्या बळावर त्या दोघांनाही बोलण्याचा अधिकार प्राप्त होतो, ते काम तालुक्याच्या कचेरीत, पोलीस ठाण्यातील ठाणे अंमलदारापुढे, नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेत, जिल्हा रुग्णालयाच्या व्हरांड्यात आणि रात्री उशिरा उपसंपादकाच्या टेबलावर चालते, आणि आपली वृत्ती या व्यवसायास जुळेल की नाही हे ज्यांना पडताळून पाहायचे आहे त्यांनी ती या कामाशी ताडून पाहावी, असे मला मनापासून वाटते. लेखनाची आवड ही चांगलीच गोष्ट आहे. तथापि ज्याला केवळ लिहायचे आहे त्याच्यासाठी कथा आहे, कविता आहे, ललित निबंध आहे. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवण्यापूर्वी जो मूळ कागद पाहायला मागतो, आणि कागद पाहूनही ज्याचे समाधान होत नाही म्हणून जो उठून त्या जागी जातो, त्याने मात्र या वाटेला अवश्य यावे.

मराठी वृत्तपत्रांचा पाया ज्यांनी घातला त्यांच्या चरित्रांकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट चटकन नजरेत भरते. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर त्या वेळी विशीच्या आसपासचे होते. पण संस्कृत व इंग्रजी यांच्या जोडीला गणित आणि ज्योतिष या शास्त्रांत त्यांची गती होती, आणि म्हणूनच एकाच पानावर एक स्तंभ मराठीचा व एक इंग्रजीचा अशी ‘दर्पणा’ची मांडणी त्यांना पेलता आली. टिळक गणिताचे पदवीधर आणि कायद्याचे अभ्यासक होते. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू करणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे अर्थशास्त्राचे अध्ययन कोलंबिया विद्यापीठात झाले होते, आणि अग्रलेखापेक्षा बातमीला मान देणारे ‘सकाळ’ १ जानेवारी १९३२ रोजी ज्यांनी पुण्यात काढले ते नानासाहेब परुळेकरही त्याच विद्यापीठात शिकून आले होते. यांतील प्रत्येकाने वर्तमानपत्रात पाऊल टाकताना आपल्याबरोबर एखादे शास्त्र आणले होते, आणि लेखणीला जे वजन आले ते बव्हंशी त्या शास्त्रामुळे आले.

म्हणून बारावीनंतर लगेच वृत्तपत्रविद्येच्या पदवीकडे धावण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. अर्थशास्त्र, कायदा, संख्याशास्त्र, कृषी, भूगोल, यांपैकी ज्या विषयात मन रमेल त्यात पदवी घ्यावी, आणि मग वर्ष-दोन वर्षांचा वृत्तपत्रविद्येचा अभ्यासक्रम करावा. ज्याला महसुली तूट आणि राजकोषीय तूट यांतील भेद उमगत नाही, तो बातमीदार अर्थमंत्र्यांचे वाक्य जसेच्या तसे छापू शकतो, त्या वाक्याची परीक्षा करणे त्याला शक्य नसते. संस्थांची वाण नाही. पुणे विद्यापीठाचा वृत्तपत्रविद्या विभाग १९६४ पासून रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत चालत आला आहे, आणि ‘सिंहासन’कार अरुण साधू यांच्यासारख्या मुरलेल्या पत्रकाराने काही वर्षे त्याची धुरा वाहिली, नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील विभागही जुना आणि नावाजलेला आहे, दिल्लीत १९६५ साली स्थापन झालेल्या भारतीय जनसंचार संस्थेचे एक केंद्र आता अमरावतीस आहे. परंतु संस्थेचे नाव पाहण्यापेक्षा तिथे विद्यार्थ्यांकडून प्रायोगिक अंक नियमाने काढून घेतात की नाही, त्यांना न्यायालयात आणि महापालिकेच्या सभेत नेऊन बसवितात की नाही, आणि त्यांनी लिहिलेल्या कॉपीवर तांबडी शाई चालविणारा माणूस स्वतः कधी वृत्तपत्रात राबलेला आहे की नाही, या तीन गोष्टींची चौकशी प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी तिथल्याच माजी विद्यार्थ्यांकडे करावी.

या व्यवसायाचा सर्वांत मोठा धडा मात्र मला ‘केसरी’च्या आरंभकाळातील एका खटल्यात सापडतो, आणि तो महाविद्यालयीन तरुणांना मुद्दाम सांगावा असा आहे, कारण त्यातील दोन्ही नायक त्या वेळी पंचविशी-सव्विशीतले, महाविद्यालय सोडून फार वर्षे न झालेले होते. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालविला आहे, अशी वार्ता त्या काळी सर्वतोमुखी झाली होती. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या दोन्ही पत्रांनी संस्थानचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर कडक टीकास्त्र सोडले, आणि त्या टीकेला मोठा आधार होता तो दिवाणांनी लिहिली म्हणून दाखविण्यात आलेल्या काही पत्रांचा. दिवाणांनी अब्रुनुकसानीची फिर्याद गुदरली. खटला उभा राहिला. आणि ती पत्रे बनावट असल्याचे निष्पन्न झाले. टिळक व आगरकर यांनी माफी मागितली, तरीही जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा ठोठावण्यात आली, आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून ते बाहेर आले. सुटून आल्यावर लोकांनी त्यांचे थाटाने स्वागत केले, आगरकरांनी त्या दिवसांची हकीकत पुस्तकरूपाने लिहिली, आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या हा प्रसंग त्यागाची कथा म्हणून वाचीत आलो. त्याग त्यात होताच. पण पत्रकार होऊ पाहणाऱ्याने ती कथा दुसऱ्या अंगानेही वाचली पाहिजे.

महाराजांविषयीची त्या दोघांची कळकळ शंभर नंबरी होती, आणि तिला कारणही होते. कारण पुढे १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगर येथे पहाऱ्यावरील गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर त्या दुर्दैवी महाराजांचा अंत झाला. तरीसुद्धा न्यायासनापुढे कळकळीला पुराव्याची किंमत आली नाही, कारण हाती धरलेला कागदच खोटा निघाला. ते पत्र कोणी आणून दिले, मूळ प्रत पाहिली की नक्कल, अक्षर कोणी ओळखले, आणून देणाऱ्याचा दिवाणांशी काही दावा आहे काय, आणि ज्याच्यावर आरोप करावयाचा त्याला त्याचे म्हणणे विचारले काय, हे प्रश्न १८८२ साली जितके अगत्याचे होते तितकेच आज, दर आठवड्याला व्हॉट्सॲपवर एखादा नवा ‘शासन निर्णय’ फिरत असताना, अगत्याचे आहेत. खऱ्या शासन निर्णयाच्या अखेरीस त्याचा संकेतांक दिलेला असतो आणि तो शासनाच्या संकेतस्थळावर घालून पाहता येतो. या कामाला दोन मिनिटे पुरतात; पण बातमी आधी आपल्याकडे यावी या घाईत ती दोन मिनिटे वाचविली जातात, आणि नाही त्या योजनेच्या आशेने गावोगावचे लोक सेतू केंद्रापुढे रांगा लावून बसतात. अंगात संताप असणे या व्यवसायात दूषण नाही, किंबहुना तो नसेल तर माणूस लवकरच नुसता मजकूर भरणारा होऊन जातो. मात्र संताप जितका तीव्र तितकी आपल्या बाजूच्या कागदाची उलटतपासणी अधिक कठोर असावी, कारण आपल्याला जे खरे ठरावेसे वाटते तेच तपासायला मन कां-कूं करते.

कागदाचे एक अंग झाले. दुसरे अंग जागेचे, आणि ते एका साध्या बातमीवरून दाखविता येईल. हंगामाच्या अखेरीस जिल्हाधिकारी कचेरीतून एक प्रेसनोट येते, तिच्यात इतकेच असते की, जिल्ह्यातील अमुक तालुक्यांतील सर्व गावांची खरिपाची अंतिम पैसेवारी ५० पैशांच्या वर आली आहे. डेस्कवरचा थकलेला उपसंपादक तिच्यावर मथळा घालून दहा ओळींत ती आतल्या पानावर सोडून देतो, आणि त्याला दोष देता येत नाही, कारण त्याच्यापुढे तशा तीस बातम्या पडलेल्या असतात. पण त्या दहा ओळींत काय दडलेले आहे पाहा. प्रमाण उत्पन्नाच्या मानाने यंदाचे पीक रुपयात किती पैसे आले, हे गावोगाव ठरविण्याची ही महसुली पद्धत आहे. गाव ५० पैशांच्या खाली गेले की जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, शेतीपंपाच्या वीजबिलात सवलत, इतकेच नव्हे तर त्या गावातील विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्काची माफी, अशा सवलतींचे दार उघडू शकते. वर राहिले की ते बंद. दुष्काळ जाहीर करण्यासाठी २०१६ च्या केंद्रीय संहितेनंतर पावसाचा खंड, जमिनीतील ओल आणि उपग्रहातून दिसणारी पिकांची स्थिती असे निराळे निकष आले असले, तरी पैसेवारीचा आकडा अजूनही गावाच्या जिव्हाळ्याचा आहे, आणि ४९ व ५१ यांच्यामधले अंतर हे त्या गावातल्या कित्येक घरांच्या दृष्टीने फार मोठे असते.

हा आकडा येतो कुठून? तलाठी, कृषी सहायक, सरपंच, गावातील शेतकरी यांच्या देखत ठरावीक मापाचा तुकडा आखून त्यातील पीक कापून, झोडून, तोलून पाहतात, आणि नजरअंदाज, सुधारित व अंतिम अशा टप्प्यांनी पैसेवारी निश्चित होते. आता ज्या विद्यार्थ्याच्या अंगी बातमीदारी आहे तो प्रेसनोट खिशात घालून एका गावी जाईल. कापणीचा प्रयोग कोणाच्या रानात झाला, ते रान विहिरीखालचे की कोरडवाहू, दाणे तोलले त्या दिवशी समितीतले कोण कोण हजर होते आणि पंचनाम्यावर सह्या कोणाकोणाच्या आहेत, नजरअंदाज आकडा काय होता व अंतिम काय झाला, हे तो विचारील. सातबाऱ्यावरची पीक पाहणी आणि प्रत्यक्ष उभे असलेले धसकट यांचा मेळ बसतो की नाही ते पाहील. बाजार समितीत यंदा किती आवक झाली ते नोंदवहीवरून उतरून घेईल. आणि हे सारे हाती आल्यावर तहसीलदारांकडे जाऊन, आरोपाचा स्वर न लावता, त्यांचा खुलासा घेईल. इतके केल्यावर कदाचित असे आढळेल की आकडा बरोबरच आहे. तसे आढळले तर तेही त्याने तितक्याच सरळपणे लिहावे. सरकारचा आकडा खोटाच असणार असे गृहीत धरून निघालेला बातमीदार आणि तो खराच असणार असे मानून खुर्चीत बसलेला बातमीदार, या दोघांमध्ये मला फारसा फरक वाटत नाही. या तऱ्हेचे लेखन कसे उतरते हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी अनिल अवचटांचे ‘माणसं’ वाचावे, आणि देशातील अतिदरिद्री जिल्ह्यांत हिंडून पी. साईनाथ यांनी लिहिलेले व १९९६ साली पुस्तकरूपाने आलेले वृत्तान्त वाचावेत.

शहरातच राहिले पाहिजे असाही समज नको. मुकुंदराव पाटलांनी १९१० साली सुरू केलेले ‘दीनमित्र’ दीर्घकाळ तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील तरवडी या खेड्यातून निघत असे, आणि त्याला वाचकांची वा विषयांची टंचाई कधी भासली नाही.

भाषेविषयी बोलताना ‘माझे मराठी चांगले आहे’ असे सांगणारे विद्यार्थी बहुधा अलंकारांविषयी बोलत असतात. वृत्तपत्राला हवे असते ते निराळे. ‘पाणीपुरवठा योजनेचे काम प्रगतिपथावर असून ते लवकरच पूर्णत्वास जाईल’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे आणि त्यातून वाचकाला काहीएक कळत नाही. कार्यारंभ आदेश कोणत्या तारखेचा, मुदत किती महिन्यांची होती, टाकी बांधून झाली काय, ठेकेदाराला किती रक्कम पोचली, आणि आज सकाळी गावातल्या नळाला पाणी होते की नव्हते, हे ज्या वाक्यांतून कळते ती बातमीची भाषा. तिचा सराव एकट्यानेही करता येतो: रोज एक प्रेसनोट घ्यावी, तिच्यातील ज्या शब्दांना माहितीचा आधार नाही ते खोडावेत, आणि उरलेल्यातून पाच वाक्ये लिहावीत, पुष्कळ दिवशी पाच वाक्येही उरणार नाहीत. इंग्रजी उत्तम वाचता आले पाहिजे, कारण लेखापरीक्षकांचे अहवाल, न्यायालयांचे निकाल आणि वृत्तसंस्थांच्या तारा अद्याप मोठ्या प्रमाणावर त्या भाषेत येतात, आणि नव्या उपसंपादकाच्या नोकरीचे पहिले काही महिने भाषांतरातच जात आले आहेत. ते काम आता यंत्र झपाट्याने करू लागले आहे, सारांशही काढून देते, आणि त्यामुळे डेस्कवरच्या जागा कमी होतील ही भीती खरी आहे. मात्र यंत्र त्या गावी जात नाही, तलाठ्याला विचारीत नाही आणि विधवा झालेल्या बाईपुढे बसून राहत नाही. तेव्हा हे काम शिकून आलेल्याची गरज यापुढे वाढेल असे मी मानतो.

कायद्याची तोंडओळख पहिल्या दिवसापासून असावी. अब्रुनुकसानी हा आपल्याकडे दिवाणी दाव्याप्रमाणे फौजदारी गुन्हाही आहे, आणि १ जुलै २०२४ पासून त्याची तरतूद भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात आहे. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या व्यक्तीची ओळख पटेल असे काहीही छापता येत नाही, आणि इथे ‘ओळख’ म्हणजे केवळ नाव नव्हे; लहान गावात बापाचा धंदा आणि आळीचे नाव छापले तरी सर्व काही सांगून झालेले असते. एवढ्या एका गोष्टीत हयगय करणाऱ्या बातमीदाराला मी क्षमा करू शकत नाही.

आता पोटाचा प्रश्न, आणि तो टाळणे म्हणजे तरुणांची फसवणूक होईल. श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ साली कायदा झाला, वेतन मंडळे नेमली गेली, मजीठिया मंडळाच्या शिफारशी २०११ साली अधिसूचित झाल्या आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. तरी नेमणुका कंत्राटावर होऊ लागल्याने त्यांचा लाभ थोड्यांच्याच वाट्याला आला. तालुक्याच्या वार्ताहराला पुष्कळ ठिकाणी नाममात्र मानधन मिळते, आणि वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिराती गोळा करण्याचे उद्दिष्टही त्याच्याच गळ्यात असते. ज्या ग्रामपंचायतीकडून दुपारी जाहिरात मागायची तिच्या कारभाराची बातमी त्याने संध्याकाळी कोणत्या तोंडाने लिहावी? २००९ च्या निवडणुकांत उमेदवारांकडून पैसे घेऊन बातमीच्या वेषात जाहिराती छापल्याचा बोभाटा झाला, प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० साली त्यावर सविस्तर अहवाल तयार केला, आणि त्या प्रकाराचा पाया हाच होता की बातमी आणणारा हात व जाहिरात आणणारा हात एक झाले होते. तेव्हा पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत संकोच न करता तीन गोष्टी लेखी मागाव्यात: नेमणूकपत्र, वेतनाचा आकडा, आणि जाहिराती आणण्याचे काम आपल्याकडे राहणार की नाही याचा खुलासा. ज्यांच्या घरी दुसरी मिळकत नाही अशा मुलामुलींना हे मागणे परवडत नाही, आणि त्यामुळे दलित, भटक्या, अल्पभूधारक घरांतील जी मुले या व्यवसायात यायला हवीत तीच बाहेर राहतात, ही मला या क्षेत्रातील सर्वांत मोठी हानी वाटते. अशांनी वकिली, अध्यापन किंवा भाषांतर यांसारखे दुसरे उत्पन्न हाताशी ठेवून काही वर्षे लिहावे. त्यात कमीपणा नाही.

धोकाही आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर येथे, प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पाविषयी लिहिणाऱ्या एका स्थानिक पत्रकाराला मोटारीची धडक बसून त्याचा मृत्यू झाला आणि त्या प्रकरणी खुनाचा गुन्हा नोंदविला गेला. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१७ साली स्वतंत्र कायदा केला आहे, तो जवळ असावा. पण त्याहून अधिक उपयोगाची सवय ही की, नाजूक प्रकरणाची कागदपत्रे एकट्याजवळ कधीही ठेवू नयेत आणि कुठे जात आहोत हे कचेरीतील एका माणसाला तरी सांगून निघावे.

ज्यांचा निश्चय इतके वाचूनही डळमळला नाही, त्यांनी नोकरीची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. आपल्याकडे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरविण्याचा प्रघात आहे. आपल्या किंवा शेजारच्या गावच्या ग्रामसभेला वही घेऊन जावे, कोण बोलले याबरोबर कोणाला बोलू दिले नाही हेही टिपावे, आणि नंतर ग्रामसेवकांकडून इतिवृत्त मागून आपल्या टिपणाशी ताडून पाहावे. मग एक रस्ता किंवा एक शाळाखोली निवडावी आणि माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे हा अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, आणि नेमका प्रश्न विचारण्याचे याहून चांगले शिक्षण मला ठाऊक नाही. ‘रस्त्याची सर्व माहिती द्यावी’ असे लिहिणाऱ्याला काही मिळत नाही, ‘अंदाजपत्रकाची, मोजमाप पुस्तिकेची आणि अंतिम देयकाची साक्षांकित प्रत द्यावी’ असे लिहिणाऱ्याला मिळते. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावावा, पोच घ्यावी, तारीख वहीत टिपावी, ३० दिवसांत उत्तर न आल्यास पहिले अपील करावे, आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत हाती आली की टेप घेऊन त्या रस्त्यावर जावे, रुंदी मोजावी आणि पुस्तिकेतल्या आकड्याशेजारी आपला आकडा लिहावा.